‘आजी परत कधी येणार?’

घरात कुणी गेलं की मोठी माणसं मुलांशी एकदम वेगळ्याच भाषेत बोलायला लागतात. आजी झोपली. आजी लांब गेली. आजीची चांदणी झाली. हेतू चांगलाच असतो, पण तीन-चार वर्षांचं मूल शब्द जसेच्या तसे घेतं. झोपलेली आजी उठलीच नाही, हे लक्षात आलं की ते रात्री डोळे मिटायला घाबरतं. ‘लांब गेली’ म्हटलं तर ते वाट बघत बसतं आणि मला न सांगता गेली म्हणून रुसतं. ‘चांगली माणसं देवाला आवडतात’ हे त्याहून वाईट, कारण मग आपण चांगलं वागावं की नाही, हा प्रश्न मुलाला पडतो आणि ते तो बोलूनही दाखवत नाही.

‘मेली’ म्हणायला आपली जीभ रेटत नाही, हे खरं. घरच्या माणसाबद्दल ते उद्धट वाटतं. ‘वारली’ म्हणा, काही बिघडत नाही. फक्त त्याचा अर्थ पुढच्याच वाक्यात सांगा. साधारण असं:

‘मला तुला एक वाईट बातमी सांगायची आहे. आज सकाळी आजी वारली. म्हणजे तिचं शरीर बंद पडलं. आता ती श्वास घेत नाही, तिला भूक लागत नाही, काही दुखत नाही, थंडी वाजत नाही. ती परत येणार नाही. आपल्या सगळ्यांना खूप वाईट वाटतंय.’

एवढंच सांगायचं आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं बहुतेकांना जमत नाही, शांतता भरून काढायला आपण बोलतच सुटतो. मुलाला सांगण्याआधी ही वाक्यं एकदा एकट्यानं मोठ्यानं म्हणून बघा, म्हणजे आवाज कुठे अडखळतो ते कळतं. सांगायचं ते मुलाच्या सगळ्यांत जवळच्या माणसानं, ओळखीच्या जागी, शेजारी बसून आणि होईल तितक्या लवकर, दुसऱ्या कुणाच्या तोंडून कानावर पडायच्या आत. अगदी झोपायच्या वेळी मात्र नको. सांगताना रडू आलं तर येऊ द्या, पण कारण सांगा: ‘आजीची आठवण येतेय म्हणून रडतेय, तुझ्यामुळे नाही.’

‘देवाघरी’ अशी तुमची श्रद्धा असेल तर तीही सांगा, पण आधी शरीराचं सांगून झाल्यावर. उलट क्रमानं सांगितलं की मूल देवाघरचा रस्ता विचारतं.

आणि मग पाच मिनिटांनी ते विचारतं, ‘मी खेळायला जाऊ?’ याला कोरडेपणा समजू नका. लहान मुलांचं दुःख सलग चालत नाही. ती थोडा वेळ त्यात असतात, मग बाहेर पडतात, मग जेवता जेवता अचानक परत तिथेच येतात. ‘आजी परत कधी येणार?’ हे पुन्हा पुन्हा येणारच. मृत्यूच्या समजुतीचे तीन भाग धरतात: गेलेलं माणूस परत येत नाही, त्याच्या शरीराची सगळी कामं थांबतात आणि प्रत्येक जिवाला हे चुकत नाही. मार्क स्पीस आणि सँडर ब्रेंट या संशोधकांनी १९८४ साली तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा बहुतेक मुलांना हे तिन्ही भाग ५ ते ७ वर्षांच्या दरम्यान उमगतात असं दिसलं. म्हणजे चार वर्षांच्या मुलाला एकदा सांगून भागत नाही. उत्तर दर वेळी त्याच शब्दांत द्या. शब्द बदलले की मुलाला वाटतं, गोष्टच बदलली.

मुलाच्या मनात साधारणपणे तीन भीती असतात, आणि त्यांतली पहिली फारशी बाहेर येत नाही. ‘हे माझ्यामुळे झालं का?’ या वयात मनात आलेलं खरं होतं असं वाटतं. आजीवर चिडून ‘जा, नको तू मला’ म्हटलेलं असेल तर मूल तो धागा स्वतःच जोडतं. म्हणून विचारलं नसलं तरी सांगून टाका: ‘कुणाच्या रागावण्यानं किंवा मनात काही आल्यानं माणूस मरत नाही.’

दुसरी, ‘मलाही होईल का?’ ‘आजी आजारी होती म्हणून गेली’ एवढ्यावर थांबलात तर पुढच्या सर्दीला मूल धास्तावतं. आजाराचं नाव घ्या. ‘तिला हृदयाचा खूप मोठा आजार होता. आपल्याला होतो तो खोकला-ताप वेगळा, तो बरा होतो.’ तिसरी भीती, ‘आई, तू पण मरशील?’ इथे ‘छे, मी कधीच नाही’ असं वचन देऊ नका, ते पाळणं कुणाच्याच हातात नसतं. ‘बहुतेक माणसं खूप वर्षं जगतात. माझी तब्येत चांगली आहे. मी खूप वर्षं तुझ्याजवळ असेन असं मला वाटतं. आणि तुला सांभाळायला बाबा, मावशी, काका सगळे आहेत.’ नावं घ्या. मूल खरं तर विचारत असतं की मला जेवायला कोण घालेल.

अवघड प्रश्न आला आणि काही सुचलं नाही तर आधी विचारा, ‘तुला काय वाटतं?’ बऱ्याचदा मुलाला हवं असतं त्यापेक्षा आपण जास्तच सांगत असतो.

अंत्यदर्शनाला न्यायचं असेल तर तिथे काय दिसेल ते आधी सांगा: आजी हलणार नाही, हात लावला तर गार लागेल, लोक मोठ्यानं रडतील. यायचं की नाही ते मुलाला ठरवू द्या. आणि एक मोठं माणूस फक्त त्याच्यासाठी ठेवा, जे मधेच उठून त्याला बाहेर नेऊ शकेल. आई-बाबांना त्या वेळी ते जमत नाही.

पुढचे काही आठवडे अंथरूण ओलं होणं, अंगठा चोखणं, आईला चिकटून राहणं, बाहुलीला ‘मेली’ करून खेळणं हे सगळं होऊ शकतं. रागावू नका, खेळ थांबवू नका. जेवण, झोप आणि शाळेच्या वेळा शक्य तितक्या तशाच ठेवा. शाळेत बाईंना तुम्ही वापरलेली वाक्यं सांगून ठेवा, नाहीतर घरी ‘वारली’ आणि वर्गात ‘चांदणी झाली’ असं होऊन बसतं. महिन्या-दोन महिन्यांनीही मूल नीट खात-झोपत नसेल, खेळणंच सोडलं असेल तर बालमानसतज्ज्ञांना दाखवा. ‘मलाही आजीकडे जायचंय’ असं वारंवार म्हणत असेल तर तेवढंही थांबू नका.