पेड न्यूजच्या टेबलावरचा एक दिवस

2023 च्या मध्य प्रदेश विधानसभा निवडणुकीत माझी नेमणूक मतदान केंद्राऐवजी इंदूर जिल्ह्याच्या मीडिया प्रमाणन आणि अनुवीक्षण समितीच्या कक्षात झाली, तेव्हा महाविद्यालयातील सहकाऱ्यांनी माझे अभिनंदनच केले. मतदान यंत्रे सांभाळत रात्र जागून काढण्यापेक्षा मोती तबेल्यातील कलेक्टर कार्यालयात बसून वर्तमानपत्रे वाचणे ग्रंथपालाला शोभून दिसेल, असे त्यांचे म्हणणे होते. काम वाचनाचेच होते, मात्र ते हातात पट्टी घेऊन करायचे होते. जिल्ह्यातील नऊही मतदारसंघांच्या उमेदवारांविषयी जे काही छापून येईल त्याचे कात्रण काढायचे, पान, रकाने आणि चौरस सेंटिमीटर नोंदवायचे आणि जो मजकूर बातमीच्या वेशातील जाहिरात वाटेल तो वेगळ्या फाइलमध्ये लावायचा, असा आमचा नित्यक्रम असे.

भारतीय प्रेस परिषदेच्या व्याख्येनुसार रोख रक्कम किंवा अन्य मोबदला घेऊन छापलेली बातमी अथवा विश्लेषण म्हणजे पेड न्यूज होय. व्याख्या स्वच्छ आहे, पण अशा व्यवहाराची पावती कोणी फाडत नसल्यामुळे संशय मजकुराच्या लक्षणांवरूनच घ्यावा लागतो. परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या दोन दैनिकांत वेगवेगळ्या वार्ताहरांच्या नावाने एकच मजकूर येणे, किंवा एकाच पानावर दोन प्रतिस्पर्धी उमेदवारांच्या विजयाची खात्री दिली जाणे, ही त्यांतील ठळक लक्षणे आहेत. प्रकाशनापासून 96 तासांच्या आत निवडणूक अधिकाऱ्याने उमेदवाराला नोटीस द्यायची, उमेदवाराने 48 तासांत उत्तर द्यायचे आणि समितीने पेड न्यूज ठरवली तर त्या जागेचा जाहिरातीच्या दराने होणारा खर्च त्याच्या हिशेबात जोडायचा, अशी ही पद्धत आहे. आमच्या प्रदेशात हे प्रकरण किती दूर जाऊ शकते ते सर्वांनी पाहिले आहे. 2008 च्या निवडणुकीतील असा खर्च हिशेबात दाखवला नाही म्हणून निवडणूक आयोगाने जून 2017 मध्ये तत्कालीन मंत्री नरोत्तम मिश्रा यांना तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले होते आणि पुढल्या वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला.

प्रचार ऐन भरात असताना एका सकाळी दोन मोठ्या दैनिकांत एकाच उमेदवारावर जवळजवळ अर्ध्या पानाचा मजकूर आला. त्याचे बालपण, आईचा आशीर्वाद, रोजचे देवदर्शन आणि मतदारसंघात उसळलेली लाट असे सगळे काही त्यात होते. छायाचित्रे वेगळी होती, मथळे वेगळे होते, एकात वार्ताहराचे नाव होते तर दुसऱ्यात केवळ ‘विशेष प्रतिनिधी’ होता. परंतु एका वसाहतीचे नाव दोन्हीकडे एकाच पद्धतीने चुकले होते आणि तिसऱ्या परिच्छेदातील एक वाक्य दोन्हीकडे एकाच जागी अर्धवट तुटले होते. दोन वेगळी माणसे इतके हुबेहूब चुकत नाहीत.

दुपारी समिती बसली. पक्ष कार्यालयातून गेलेले प्रसिद्धिपत्रक दोघांनी जसेच्या तसे छापले असेल, तर त्याला पेड न्यूज कसे म्हणायचे, असा प्रश्न एका अधिकाऱ्याने उपस्थित केला, आणि तो मुळीच फोल नव्हता. समितीवर स्वतंत्र सदस्य म्हणून एक निवृत्त पत्रकार होते. राहुल बारपुते आणि राजेंद्र माथुर या संपादकांच्या काळातील ‘नई दुनिया’ या इंदूरच्या हिंदी दैनिकाची शिस्त पाहिलेल्या पिढीतले हे मराठी गृहस्थ बैठकीत हिंदीतून आणि माझ्याशी मराठीतून बोलत. ते म्हणाले, “प्रसिद्धिपत्रक तसेच छापणे हा आळस झाला आणि आळसाला नोटीस देता येत नाही, हे मान्य. पण आळशी माणूस चार ओळी छापून मोकळा होतो, अर्धे पान देत नाही.” समितीने प्रकरण निवडणूक अधिकाऱ्याकडे पाठवले.

माझ्या दृष्टीने दिवसाचे काम तेथे संपले होते. बैठकीनंतर मात्र ते निवृत्त पत्रकार माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, “ताई, याच मतदारसंघाची आठवडाभराची कात्रणे काढा, आणि त्यांत कोण नाही ते मला सांगा.”

कात्रणांच्या फाइलमध्ये नसलेला माणूस कात्रणांवरून सापडत नाही, हे माझ्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मग मी दोन अन्य नोंदी मागवल्या. सभा, पदयात्रा आणि वाहनांच्या परवानग्यांची एक नोंदवही होती. शिवाय लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 127 क प्रमाणे प्रत्येक प्रचारपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव असावे लागते व त्याची प्रत प्रशासनाकडे यावी लागते, त्या प्रतींचा गठ्ठा होता. दोन्हींत एका अपक्षाचे नाव सतत येत होते. नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे 70 किलोमीटर उचलून इंदुरात आणले जाते, तरी शहराच्या कडेला वाढलेल्या कित्येक वसाहतींना टँकरची वाट पाहावी लागते, एवढ्या एकाच प्रश्नावर तो गल्लोगल्ली फिरत होता. त्याच्या पत्रकात वसाहतींची नावे होती, जलवाहिनी कोठपर्यंत येऊन थांबली आहे तेही होते. आमच्या कात्रणांत मात्र त्या आठवड्यात त्याचे नाव केवळ एकदा, सर्व उमेदवारांच्या यादीत, आले होते. उरलेल्या मजकुराचा सूर असा होता की या मतदारसंघात दोघांची सरळ लढत आहे.

याला लगेच पक्षपात म्हणावे, असे मला तेव्हा वाटले नाही आणि आजही निखालसपणे वाटत नाही. नऊ मतदारसंघ, मोजके वार्ताहर आणि जाहिरातींनी भरलेली पाने असताना निवडून येण्याची शक्यता नसलेल्या अपक्षाला जागा न देणे हा संपादकीय निर्णय असू शकतो. पण त्याची शक्यता नाही हे ठरवले कोणी? त्याला जागा नाही म्हणून लोकांना तो ठाऊक नाही, आणि लोकांना ठाऊक नाही म्हणून त्याला जागा नाही. त्या ज्येष्ठ पत्रकारांच्या मते यात फोन करून बातमी पाडण्याची वेळ क्वचितच येते. वाचक जी किंमत मोजतो त्यात वर्तमानपत्राचा खर्च निघत नाही, तो जाहिरातींतून, आणि त्यांतही मोठ्या प्रमाणात सरकारी जाहिरातींतून, निघतो. पाण्याची ओरड कोणाला आवडणार नाही हे वार्ताहराला न सांगताच समजते आणि तो ती बातमी लिहायलाच घेत नाही.

मॅक्सवेल मॅकोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या माध्यम-संशोधकांनी 1968 च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी चॅपल हिल येथील 100 अनिश्चित मतदारांच्या मुलाखती घेतल्या होत्या. माध्यमांनी ज्या प्रश्नांवर भर दिला तेच प्रश्न मतदारांनाही महत्त्वाचे वाटत होते, असे त्यांना आढळले आणि 1972 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना या अभ्यासाविषयीचे पुस्तक काढून देताना मला तो दूरदेशीचा सिद्धांत वाटे. त्या संध्याकाळी आमच्या कक्षातील शिपाई टँकर न आल्याची तक्रार करत होता. तो त्याच मतदारसंघात राहतो आणि त्याच्या वसाहतीचे नाव त्या अपक्षाच्या पत्रकात होते. मी त्याला उमेदवारांविषयी विचारले, कोणाचे नाव सुचवण्याचा अर्थातच प्रश्न नव्हता. तो सहज म्हणाला, “मैडम, मुकाबला तो दो का ही है, तीसरे को वोट देकर क्या करना!” तिसरा कोण, हे त्याला माहीत नव्हते. सकाळच्या त्या अर्ध्या पानाच्या स्तुतीवर मात्र तो मनापासून हसला होता. पैसे देऊन छापलेले कौतुक त्याने क्षणात ओळखले, पण रोज थोडे थोडे वाचून तयार झालेले ‘दोघांचीच लढत’ हे मत त्याला स्वतःचेच वाटत होते. आमची सगळी यंत्रणा पहिल्या प्रकारासाठी उभी होती.

रात्री मी एक कोष्टक केले. एका बाजूला परवानगी घेऊन झालेले कार्यक्रम आणि दुसऱ्या बाजूला त्यांचे छापून आलेले वृत्त, सर्व उमेदवारांसाठी. ते दैनिक अहवालाला जोडून दिले, तेव्हा विहित प्रपत्रात असा रकाना नाही म्हणून ते परत आले. नियमाने ते बरोबरच होते, कारण न छापलेल्या बातमीचा खर्च कोणाच्या खात्यात आणि कोणत्या दराने टाकणार? नोटीस मिळालेल्या उमेदवाराने अपेक्षेप्रमाणे प्रसिद्धिपत्रकाचे कारण पुढे केले, समितीने ते अमान्य केले आणि खर्च त्याच्या हिशेबात चढला. विधानसभेसाठी असलेल्या 40 लाखांच्या मर्यादेत ती रक्कम कोठल्या कोठे विरून गेली.

आता माध्यमांवर प्रकल्प करणारे विद्यार्थी ग्रंथालयात येतात तेव्हा पक्षपात शोधण्यासाठी केवळ वर्तमानपत्रांचे गठ्ठे मागतात. मी त्यांना सभांच्या परवानग्यांची नोंदही माहितीच्या अधिकारात मागवायला सांगते. तसा अर्ज करायला सहसा कोणी तयार होत नाही. गेल्या सत्रात एका विद्यार्थिनीने तो केला, आणि सध्या ती माझ्या समोरच्या टेबलावर दोन याद्या शेजारी शेजारी ठेवून जुळवत बसलेली असते.