तुम्ही विचारलंत म्हणून: लांडग्यावर बसलेला मत्सर

‘एवढ्या जुन्या इंग्रजी बोधकवितांत तुम्हाला काय सापडतं? सद्गुण, मत्सर, नशीब यांवर आपल्या संतांनी कमी का लिहिलंय?’ ओळखीचे लोक हमखास विचारतात. कमी मुळीच नाही. षड्रिपू मला शाळेपासून पाठ आहेत. पण पाठ होते म्हणूनच यादीतल्या शेवटच्या ‘मत्सर’ या शब्दापाशी मी कधी थांबले नव्हते.

तो मला दिसला एडमंड स्पेन्सरच्या ‘द फेअरी क्वीन’मध्ये. या काव्याचा पहिला भाग १५९० साली छापला गेला. त्यात गर्वराणीची स्वारी निघते आणि तिचे सहा सल्लागार, म्हणजे माणसाच्या रूपातले सहा दुर्गुण, आपापल्या जनावरांवर बसून निघतात. मत्सर लांडग्यावर आहे. अंगातल्या झग्यावर डोळेच डोळे रंगवलेले, छातीशी लपवलेला साप. दातांत विषारी बेडूक धरून तो चघळतोय आणि विष ओघळतंय त्याच्याच जबड्यावरून. कुणी भुकेल्याला भाकर दिली, तर हा म्हणणार, याची श्रद्धाच खरी नाही. आणि रडण्यासारखं काही घडत नाही, म्हणून त्याला रडू येतं. कुणाचं वाईट झालेलं ऐकलं की मात्र हरखून जातो.

ते कडवं वाचलं त्याच आठवड्यात एका जुन्या मैत्रिणीचं मोठं काम फिसकटल्याचं कळलं होतं. मी ‘अरेरे’ म्हटलं, मनापासूनच म्हटलं असं मला वाटलं. पण त्याआधी क्षणभर छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं होतं. ‘हरखणं’ वाचल्यावर तो क्षण मला नेमका आठवला. पुस्तक मिटून कितीतरी वेळ बसून राहिले. कोणत्याही उपदेशाने मला इतकं पकडलं नव्हतं.

नशिबाबद्दल मी जाते ते टॉमस वायटकडे. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या दरबारातला हा कवी मे १५३६ मध्ये लंडनच्या टॉवर या किल्ल्यात कैदेत होता. त्याच महिन्यात हेन्रीची राणी ॲन बोलिनचा आणि तिच्याबरोबर आरोप ठेवलेल्या पाच जणांचा शिरच्छेद झाला. वायट सुटला. पण तिथल्या घंटेच्या बुरुजातून जे पाहिलं ते रात्रंदिवस डोक्यातून जात नाही, असं त्याने एका कवितेत लिहून ठेवलंय. प्रत्येक कडव्याच्या शेवटी एकच लॅटिन धृपद येतं: सिंहासनाभोवती वीज कडाडते.

‘चांगल्याचं चांगलंच होतं’ असं सांगणाऱ्या या कविता असतील, असा अनेकांचा समज असतो. वायट तसं कुठेच म्हणत नाही. तिथे मी अनुभवाने शिकलो, तो सांगतो, की हुशारी कामी येत नाही आणि मी निर्दोष आहे असं बोलूनही उपयोग नसतो. खाली वाकून राहा, सुकाणू देवाच्या हाती दे. इतकं कोरडं सत्य सांगणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसतो.

या कवितेच्या हस्तलिखितात वरच्या बाजूला काही लॅटिन शब्द आहेत. निर्दोषता, सत्य, निष्ठा, आणि त्यांच्या मधोमध ‘वियाट’, म्हणजे त्याचंच नाव. खाली बायबलच्या स्तोत्रातली ओळ: माझ्या शत्रूंनी मला वेढलं आहे. बोलून उपयोग नाही हे कळलेल्या माणसाची कविता, आणि तिच्या माथ्यावर हे तीन शब्द. मी अजूनही पुन्हापुन्हा जाते ती त्या चार शब्दांच्या मांडणीकडेच.