वॅट विकणारे आणि आम्ही : आमची वाटचाल

उद्यमनगरात आमचा गाळा 1996 चा. दहा बाय बारा. त्यात हातानं फिरवायचं वाइंडिंग मशीन, बेअरिंग पुलर, आर्मेचर म्हणजे मोटरचा फिरता भाग तपासायचा ग्राउलर आणि मी. ग्राउलर आजही तोच आहे, पोरं हसतात, हसू देत. आधी नुसतं विजेवर चालणाऱ्या हत्यारांचं रिपेअरिंग. चार वर्षांनी एका कंपनीची एजन्सी मिळाली, वडिलांनी गल्लीभर पेढे वाटले. पुढची दहा-बारा वर्षं बरी गेली.

सांगायचंय ते 2012 चं. कंपनीचा नवा एरिया मॅनेजर आला आणि सात इंची चकतीच्या ग्राइंडरचे, म्हणजे लोखंड कापायच्या-घासायच्या मशीनचे, चाळीस नग उचला म्हणून मागे लागला. मी म्हटलं, "साहेब, इथला ग्रिलवाला दिवसभर चार इंची चालवतो. दोन हजार वॅटचं, पाच किलोचं धूड शिडीवर कोण धरणार?" तो म्हणाला, "तुम्हाला विकताच येत नाही." दोन महिन्यांत एजन्सी समोरच्या नव्या दुकानाला गेली. काचेचं दार, एसी, बाहेर फलक : जास्त वॅट, कमी दर. आमची वॉरंटीत केलेल्या कामांची बिलं आजतागायत अडकली आहेत. फाइल कपाटात आहे, कुणाला बघायची असेल तर यावं. बायकोच्या पाटल्या बँकेत गेल्या. मी शिकवलेला कारागीर समोर कामाला लागला. त्याचा राग नाही. म्हणजे, थोडा आहे.

त्या वर्षी रोज शटर उघडायला कारण होतं ते एका मेस्त्रींमुळे. शेडची कामं करणारे, पहिल्या महिन्यापासूनचं गिऱ्हाईक. तेही फलक बघून समोर गेले होते, हे लपवत नाही. महिनाभरात ते मोठं ग्राइंडर आमच्या टेबलावर आदळलं. "मालक, ताकद लई हाय, पर पाच वाजंस्तोवर मनगट ऱ्हात न्हाई."

मी त्यांना 850 वॅटचं चार इंची दिलं, दोन किलोच्या आतलं. अंग बारीक, मूठ पुरती वळते, स्विच अंगठ्याखाली. पाइप, अँगल, पट्टी कापायला एवढी ताकद रग्गड. मग मेस्त्रींनी एकेक करत सगळी शेडवाली मंडळी आमच्याकडे आणली.

तेव्हापासून गिऱ्हाइकाला मी आधी मशीन बंदच हातात देतो आणि दोन मिनिटं हात लांब करून उभं राहायला सांगतो. वॅट नंतर. आणि आता विषय निघालाच आहे तर : कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारा ब्रश, झिजून पाच-सहा मिलिमीटर राहिला की बदला, नाहीतर तो ज्यावर घासतो तो कम्युटेटर ठिणग्यांनी जातो. पन्नास मीटर बारीक वायरचं एक्स्टेंशन लावून मशीन जळालं की कंपनीला शिव्या घालू नका, व्होल्टेज तुमच्या वायरीत पडतं. गार्ड काढून चार इंचीला पाच इंची चकती लावणाऱ्याला मी माल विकत नाही.

आता बॅटरीची ब्रशलेस मशीनं आली. हातात छान बसतात, वायरीचा गुंता नाही. पण 18 व्होल्ट आणि "20 व्होल्ट मॅक्स" यांत फसू नका. दोन्हींत पाच-पाच सेल ओळीनं, एकावर चालताना मिळणारं व्होल्टेज लिहिलेलं, दुसऱ्यावर पूर्ण चार्जचं. चार अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे 72 वॅट-अवर. सलग सहाशे वॅट ओढलेत तर सात मिनिटांत संपते. शेडवर चढून चार बोल्ट कापायला उत्तम, टेबलावर दिवसभर घासायला वायरचंच घ्या. समोरचे हे सांगत नाहीत.

गेल्या महिन्यात मेस्त्रींना तसं एक दाखवलं. त्यांनी उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "ह्याचं कार्बन कुठं बसत्यात?"

"नसतात ह्याला. कम्युटेटरपण नाही."

ते माझ्याकडं बघत राहिले. "मग तुमी काय खायाचं, मालक?"

मी दोन बॅटऱ्यांसकट बिल केलं.