तुम्ही विचारलंत म्हणून: स्कॅन केलं की झालं ना?

जुन्या हस्तलिखितांवर बोलायला गेले की हा प्रश्न ठरलेलाच. "एवढी कसली काळजी करता? सगळं स्कॅन करून टाका." उत्तर म्हणून मी बाली बेटावरच्या लोंटारांची गोष्ट सांगते.

लोंटार म्हणजे ताडपत्रावरची पोथी. पान उकळायचं, वाळवायचं, दाबून सपाट करायचं, टोकदार सुरीने अक्षरं कोरायची आणि वरून केमिरी नावाच्या झाडाच्या तेलकट बिया जाळून केलेली काजळी चोळायची. काजळी रेघांत बसते, बाकीची पुसली जाते. पण बेटाची हवा दमट, वर वाळवी आणि कसर. शंभर-दीडशे वर्षं टिकलेलं पान नशीबवान म्हणायचं. तरी जुन्या जावानी भाषेतलं नवव्या शतकाच्या आसपासचं रामायण आजही वाचता येतं, कारण कुणी ना कुणी ते नकलून काढत राहिलं.

1894 मध्ये शेजारच्या लोंबोक बेटावर, बाली राजघराण्याच्या चक्रनगरच्या वाड्यावर डच फौज चालून गेली. सोबत ब्रांडेस नावाचा भाषापंडित होता. वाड्याची राखरांगोळी होण्याआधी त्याने पोथ्या बाहेर काढल्या. त्यांत जावातल्या मजपहित साम्राज्याचं वर्णन करणारं 1365 सालचं 'नागरकृतागम' हे काव्य निघालं. ब्रांडेसचे उपकार मानावेत की तो कुणाबरोबर आला होता ते आठवून राग धरावा, माझं अजून ठरत नाही. पुढे कित्येक वर्षं जगाला ती एकच प्रत ठाऊक होती. मग 1970 च्या दशकाच्या अखेरीस खुद्द बालीत त्याच काव्याच्या आणखी प्रती मिळाल्या. पंडिताला पत्ता नव्हता, पण नकलणाऱ्यांनी आपलं काम कधीच करून ठेवलं होतं.

स्कॅनिंगला माझा विरोध नाही. बालीतल्या सिंगराजा शहरात गेडोंग कीर्त्या या 1928 च्या ग्रंथालयात संग्रह आहे, कितीतरी लोंटार इंटरनेटवर मोफत दिसतात. पण बहुतेक पोथ्या घराघरांत आहेत आणि कित्येक घरांत त्या पवित्र म्हणून उघडतच नाहीत. पूजा होते आणि आत वाळवीचीही सोय होते. 2016 पासून बाली सरकारचे भाषा-कार्यकर्ते गावोगाव जाऊन घरच्यांना राजी करतात, पानं साफ करतात, काजळी पुन्हा चोळतात. काजळी उडालेल्या पानाचा फोटो काढून हाती फारसं काही लागत नाही.

आणि फोटो आला तरी वाचणार कोण? तिथे एक जण जुन्या जावानीतलं काव्य गातो, दुसरा ओळीओळीचा बाली भाषेत अर्थ सांगतो, थेट आपल्या चातुर्मासातल्या पोथीसारखं. हा दुसरा माणूस तयार व्हायला वर्षं लागतात, आणि अनुदानाच्या अर्जात त्याच्यासाठी रकाना नसतो.

2019 पासून दर फेब्रुवारीत तिथे बाली भाषा महिना साजरा होतो. त्यात मुलं ताडपत्रावर कोरण्याच्या स्पर्धेत उतरतात. (आपला भाषा दिनही फेब्रुवारीतलाच, आपण भाषणं ठेवतो.) माझ्या हाती निधी असता तर कॅमेऱ्याचे पैसे दिलेच असते, पण त्याआधी या मुलांच्या शिक्षकांचे.