खुलताबादहून डोल्माबाहचेला

रविवार, रात्री उशिरा. कादिकॉय, इस्तंबूल.

पायांचे तुकडे पडलेत, पण आजचं आजच लिहून ठेवते. उद्यापर्यंत राजवाड्यातली दालनं डोक्यात एकमेकांत मिसळून जातील.

इथं येणारा प्रत्येकजण आया सोफियासाठी, त्या जुन्या घुमटाच्या इमारतीसाठी येतो. मावशी आली ती एका मकबऱ्यामुळे. खुलताबादला शाळेत इतिहास शिकवण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. तिथं औरंगजेबाची उघड्यावरची कबर बघायला लोक येतात, भद्रा मारुतीला शनिवारी रीघ लागते. पण त्याच परिसरात निजामाने तुर्कस्तानच्या शेवटच्या खलिफासाठी, म्हणजे मुसलमानांच्या धर्मप्रमुखासाठी, एक मकबरा बांधून ठेवला होता आणि तो रिकामाच राहिला, हे गावातल्याही फार थोड्यांना ठाऊक. मावशी वर्गात ही गोष्ट सांगायची तेव्हा पोरं विचारायची, “मग बाई, तो गेला कुठं?” निवृत्त झाल्यापासून तिचं एकच चाललं होतं: तो निघाला कुठून, ते तरी बघून येऊ.

तो निघाला इथल्या डोल्माबाहचे राजवाड्यातून, म्हणून सकाळी कादिकॉयहून बेशिक्ताशची बोट धरली. आशियातून युरोपात जाणं म्हणजे आपल्याला केवढं अप्रूप! शेजारचे लोक मात्र मोबाइलमधून मान वर काढत नव्हते. बोटीवर चहावाला ट्रे घेऊन फिरत होता. बिनदुधाचा, लालभडक, कमरेत बारीक अशा पेल्यातला चहा. मावशीला वाटलं होतं की ही सुलतानांच्या काळची रीत. तसं नाही. सुलतान कॉफीवाले. काळ्या समुद्राकाठी रिझेच्या बाजूला चहाचे मळे नीट उभे राहिले ते प्रजासत्ताक आल्यावर. तीळ लावलेल्या सिमितचा, म्हणजे कड्यासारख्या पावाचा, अर्धा तुकडा मावशीने सीगलना घातला आणि उरलेला अर्धा भूक लागेल म्हणून पर्समध्ये.

राजवाडा मला आवडला नाही, हे इथंच लिहून टाकते. सुलतान अब्दुलमजीद पहिला याने 1843 ते 1856 या काळात तो बांधून घेतला. टोपकापी हा आधीचा राजवाडा त्याला जुनाट वाटायला लागला होता, युरोपातल्या राजांसारखं काहीतरी हवं होतं. 285 खोल्या, मोठ्या दिवाणखान्यात साडेचार टनांचं झुंबर, जिन्याचे कठडे स्फटिकाचे, छतावर सोनंच सोनं. घरातला दागिन्यांचा सगळा डबा एकदम अंगावर घातलेल्या नवरीसारखा हा वाडा दिसतो. तो बांधून होत असतानाच, 1854 मध्ये, क्रिमियाच्या युद्धापायी साम्राज्याने पहिलं परदेशी कर्ज काढलं, आणि 1875 मध्ये फेडायला पैसे उरले नाहीत. झुंबराखाली उभं राहिल्यावर माझ्या डोक्यात हाच हिशोब. आत फोटो काढू देत नाहीत ते बरंच आहे, नाहीतर त्या जिन्यावरून गर्दी हललीच नसती.

तुर्की प्रजासत्ताकाचे संस्थापक अतातुर्क वारले ती खोली मात्र वेगळी. पलंगावर तुर्की झेंड्याची चादर, घड्याळ 9 वाजून 5 मिनिटांवर थांबवलेलं. 10 नोव्हेंबर 1938 ची सकाळ. एक बाप मुलीला खांद्यावर घेऊन ते घड्याळ दाखवत होता. आमच्या मागचे लोक ढकलत होते, तरी त्या दाराशी सगळ्यांची चाल आपोआप मंदावली.

मावशीला हवी होती ती खलिफाची ग्रंथालयाची खोली. अब्दुलमजीद दुसरे. 1922 च्या नोव्हेंबरात सल्तनत गेली, सुलतान इंग्रजांच्या युद्धनौकेत बसून निघून गेला आणि अंकाराच्या संसदेने ह्या चुलतभावाला नुसतं खलिफापद दिलं, सत्ता काढून. गृहस्थ चित्रकार, पुस्तकांचा नादी. दीडच वर्षात तेही गेलं. 3 मार्च 1924 ला कायदा झाला आणि उजाडायच्या आत त्यांना कुटुंबासकट मोटारीत घालून चतालजाच्या आडगावच्या स्टेशनावर नेलं. शहरातल्या स्टेशनात गर्दी जमेल ही भीती. तिथून आगगाडीने स्वित्झर्लंड. त्यांच्यासाठी आपल्याकडे केवढी खिलाफत चळवळ झाली, सभा, वर्गण्या. आणि इकडे त्यांच्याच लोकांनी त्यांना गाडीत बसवून दिलं. मी कपाटांतल्या पुस्तकांचे पुठ्ठे बघत होते. मावशी म्हणाली, “मुलगी दहा वर्षांची होती गं तेव्हा.”

ती मुलगी दुर्रुशेहवार. 1931 मध्ये फ्रान्समध्ये, नीस शहरात, तिचं लग्न निजामाच्या थोरल्या मुलाशी, आझम जाहशी झालं. बापाच्या हाती काही उरलं नव्हतं आणि निजाम जगातल्या सगळ्यात श्रीमंत माणसांत मोजला जायचा. अशी बॉस्फरसकाठची मुलगी हैदराबादला आली. तिच्या नावाचं मुलांचं रुग्णालय तिथं आजही आहे. आणि असा खुलताबादचा तो मकबरा.

खरी गंमत पुढे आहे. मावशीचे वडील, म्हणजे माझे आजोबा, मुक्तिसंग्रामात निजामाच्या तुरुंगात जाऊन आलेले. घरात निजामाचं नाव नीट घेतलं जायचं नाही. राजवाड्याच्या बागेत बाकावर बसल्यावर मावशीच म्हणाली, “अण्णा असते तर म्हणाले असते, निजामाच्या व्याह्याचं घर बघायला एवढे पैसे घातलेस?” मग स्वतःच हसत सुटली. पर्समधला सिमित तेव्हा कामी आला.

खलिफा 1944 मध्ये पॅरिसला वारले. तुर्कस्तानने दफनाला परवानगी दिली नाही. मृतदेह दहा वर्षं पॅरिसच्या मशिदीत राहिला आणि शेवटी 1954 मध्ये मदिनेत माती मिळाली. तोवर आपल्याकडे निजामाचं राज्यही संपून गेलं होतं. म्हणजे इस्तंबूलही नाही आणि खुलताबादही नाही.

यावरून कालची आया सोफिया आठवली. 532 ते 537, फक्त पाच वर्षांत उभारलेली ती इमारत. घुमट वीसेक वर्षांत एकदा कोसळला, तो परत अधिक उंच करून चढवला. चर्च, मग 1453 नंतर मशीद, मग 1935 पासून संग्रहालय, 2020 पासून पुन्हा मशीद. परदेशी पर्यटकांना 25 युरो घेऊन फक्त वरच्या सज्जात सोडतात, खाली नमाज. मला आधी हे खटकलं होतं, पण वर गेल्यावर घुमट इतका जवळ आला की तक्रार विसरले. तिथंच संगमरवरी कठड्यावर कुणा वायकिंग शिपायाने आपलं नाव कोरलंय, हाफदान. आपल्याकडे किल्ल्यांवर नावं कोरणाऱ्यांना आपण शिव्या घालतो. इथं त्याच्यासमोर लोक फोटो काढायला रांग लावतात.

आणि त्याच सज्जात फरशीवर एक नाव आहे: व्हेनिसचा म्हातारा, आंधळा दोजे (तिथला राज्यप्रमुख) दांदोलो. 1204 मध्ये ख्रिस्ती फौजा घेऊन हेच ख्रिस्ती शहर लुटणाऱ्यांचा तो पुढारी. पुढच्या वर्षी इथंच मेला, इथंच पुरला. ती पाटी एकोणिसाव्या शतकातली आहे म्हणतात, तरी पाटी आहे. उलट 1453 मध्ये तटावर लढता लढता मेलेला या शहराचा शेवटचा ख्रिस्ती सम्राट कुठं पडला, कुठं पुरला, त्याचा पत्ता नाही. मावशीने पाटी वाचली, चष्मा पुसला आणि म्हणाली, “बघ, लुटारूला जागा मिळाली.” दोन दिवसांत तिने ऐकवलेलं हे सगळ्यात कडक वाक्य.

जेवणाचं थोडक्यात: मसूरडाळीचं सूप, लिंबू पिळून. मावशीचं शाकाहारी पोट त्यावर आणि आयरानवर, म्हणजे इथल्या खारट ताकावर, चाललंय. आज मेनूकार्डावर जुन्या किमतीवर नव्या किमतीची चिकटपट्टी, तिच्यावर आणखी एक. वेटर हसून म्हणाला, बसा बसा, ही आजची आहे. कादिकॉयच्या बाजारात प्रत्येक दुकानाच्या उंबऱ्यावर एक मांजर, गिऱ्हाइकाने वाट काढून आत जायचं.

उद्या टोपकापी उरकायलाच हवा, मंगळवारी तो बंद असतो. मावशीला तिथली स्वयंपाकघरं आणि चिनी भांडी बघायची आहेत, हिरे-माणकांची दालनं नकोत म्हणते. मला हिरा बघायचाय. दाराशी गेल्यावर भांडू.