डिफरेन्शियल घरी उघडावं का?

मोठे टायर घातल्यापासून गाडी चढावर दमते, गिअर रेशो बदलायचाय. मग घरच्या घरी डिफरेन्शियल (एक्सलच्या मधला, चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) उघडून क्राउन-पिनियन, म्हणजे त्यातला मोठा आणि छोटा गिअर, बदलता येईल का? हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

येईल. एखादी जागा सोडली तर त्याला ताकद फारशी लागत नाही आणि अवजारंही सगळी मिळण्यासारखी असतात. लागते ती एकच तयारी: नीट बसवलेलं सगळं पुन्हा सोडायची, मोजायची आणि परत बसवायची. एका झटक्यात काम उरकायची सवय असेल, तर या कामात हात घालू नका.

आधी रेशोचा हिशेब करू, कारण तो कागदावर होतो आणि तिथे चुकलं की पुढची सगळी मेहनत पाण्यात जाते. क्राउनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागलं की रेशो मिळतो. 41 आणि 11 दात म्हणजे 3.73, 41 आणि 9 म्हणजे 4.56. समजा 29 इंची टायरवर गाडी 3.73 ने चालत होती आणि तुम्ही 33 इंची टायर घातले. 3.73 ला 33 ने गुणून 29 ने भागा, 4.24 येतात. म्हणजे मूळची ओढ परत हवी तर 4.24 च्या आसपासचा रेशो लागेल. नेमका तेवढा सहसा मिळत नाही. 4.10 आणि 4.56 मिळतात. खडकाळ वाटेवर हळू चालवणाऱ्याला मी डोळे झाकून 4.56 सांगतो. उतारावर इंजिनच गाडी धरून ठेवतं आणि ब्रेकला उसंत मिळते. ज्याची गाडी बहुतेक वेळ हायवेवरच असते, त्याने 4.10 चा विचार करावा.

फोर-व्हील-ड्राइव्ह असेल तर पुढचा आणि मागचा, दोन्ही एक्सलचे रेशो जुळलेच पाहिजेत. फक्त मागचा बदलून फोर-व्हील लावलीत, तर दोन्ही एक्सल एकमेकांशी झगडतात आणि ट्रान्सफर केसवर (दोन्ही एक्सलना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्यावर) भलता ताण येतो. त्यामुळे ‘एकच एक्सल करून बघतो’ असं या कामात चालत नाही. शिवाय काही एक्सलमध्ये रेशो फार बदलला की जुना कॅरिअर, म्हणजे क्राउन ज्यावर बसतो तो भाग, चालत नाही. डाना 44 या एक्सलमध्ये 3.73 पर्यंत एक कॅरिअर लागतो आणि 3.92 पासून पुढे दुसरा. गिअर घेण्याआधी हे तपासा.

आता उघडायचं. गाडी भक्कम स्टँडवर घ्या, जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. ऑइल काढा, एक्सल शाफ्ट बाहेर ओढा. बेअरिंग कॅप सोडण्याआधी सेंटर पंचाने खुणा करा: डावी कुठली, उजवी कुठली, वरची बाजू कुठली. त्या कॅप हाउसिंगवर बसवूनच बोर केलेल्या असतात. अदलाबदल झाली की बेअरिंग गोल बसत नाही. जुन्या शिम (अंतर जुळवायच्या पातळ चकत्या) कुठून निघाल्या ते लिहून ठेवा आणि त्यांची जाडी मायक्रोमीटरने मोजा. नवं काम त्याच मापावरून सुरू करायचं असतं.

क्राउन आणि पिनियन कारखान्यात जोडीनेच घासून जुळवलेले असतात. एक नवा, एक जुना असं कधीही करू नका. बेअरिंग आणि सील या निमित्ताने नवेच घाला. एकदा एवढं उघडल्यावर जुनं बेअरिंग वाचवण्यात शहाणपण नाही.

आता खरं काम. चार गोष्टी जुळवायच्या असतात: पिनियनची खोली, पिनियन बेअरिंगचा प्रीलोड (बसवतानाच त्यावर दिलेला दाब), दातांमधला खेळ म्हणजे बॅकलॅश, आणि कॅरिअर बेअरिंगचा प्रीलोड. गंमत अशी की एक हलवलं की दुसरं हलतं. पिनियन खोल गेला की बॅकलॅश कमी होतो. तो परत आणायला कॅरिअर बाजूला सरकवावा लागतो, आणि तेव्हा एका बाजूची जेवढी शिम काढाल तेवढीच दुसऱ्या बाजूला घालायची, म्हणजे कॅरिअरचा प्रीलोड तसाच राहतो. बॅकलॅश डायल गेजने मोजा, तोही क्राउनच्या तीन-चार ठिकाणी. डाना 44 सारख्या एक्सलला 0.15 ते 0.25 मिलिमीटर लागतो. तुमच्या गाडीचा आकडा तिच्या मॅन्युअलमधूनच घ्या.

पण आकडे बरोबर आले म्हणून काम झालं असं नाही. शेवटचा शब्द दातांवरच्या ठशाचा. मार्किंग पेस्ट चार-पाच दातांवर दोन्ही बाजूंनी पातळ लावा. क्राउनला एका हाताने फडक्याने दाबून विरोध द्या आणि पिनियन दोन्ही दिशांना फिरवा. आता दिवा जवळ आणून बघा. पिवळ्या पेस्टमध्ये जिथे दाताला दात घासला, तिथे एक स्वच्छ लांबट डाग उमटलेला असतो. तो डाग दाताच्या मुळाशी चिकटलेला असेल तर पिनियन जास्त खोल आहे, पिनियनची शिम पातळ करा. दाताच्या वरच्या टोकाकडे पळाला असेल तर पिनियन बाहेर राहिलाय, शिम वाढवा. मूळ आणि टोक यांच्या मधोमध आला, त्याच्या कडा हळूहळू विरळ होत गेल्या, धारदार तुटल्या नाहीत, की खोली जमली. डाग दाताच्या लांबीत आत-बाहेर किती सरकलाय याची चिंता नवशिके फार करतात. आधी खोली बघा, ती मुख्य. आणि ठसा वाचायचा तो नव्या गिअरवर. वापरलेल्या गिअरचे दात आधीच झिजलेले असतात, तिथे ठसा फसवतो. त्यांना त्यांच्या मूळच्या शिमवरच बसवावं.

खोली जमेपर्यंत पिनियन अनेकदा आत-बाहेर होणार. दर वेळी घट्ट बेअरिंग प्रेसवर उपटत बसलात तर बेअरिंगही जाईल आणि उमेदही. त्यासाठी जुन्या बेअरिंगचं आतलं भोक थोडं घासून सैल करून घ्या, म्हणजे ते हाताने निघतं आणि बसतं. सगळं जुळल्यावर मगच नवं बेअरिंग प्रेस करा, आणि शेवटी ठसा पुन्हा एकदा घ्या.

क्रश स्लीव्ह (कसताना चेपली जाऊन पिनियनचा प्रीलोड ठरवणारी नळी) असलेल्या एक्सलमध्ये पिनियनचा नट कसणं हा सगळ्यात नाजूक भाग. स्लीव्ह चेपायला सुरुवातीला प्रचंड जोर लागतो, लांब दांड्याचा पाना आणि फ्लँज धरून ठेवणारी पट्टी हवी. खेळ संपेपर्यंत काहीच होत नाहीये असं वाटतं आणि मग नटच्या अगदी जराशा फिरण्यात प्रीलोड झपकन चढतो. म्हणून थोडं कसा, पिनियन हाताने फिरवून बेअरिंग बसू द्या, मोजा, परत थोडं. मोजायचा तो फिरत्या पिनियनचा टॉर्क, जागचा हलवताना लागलेला नव्हे. माप ओलांडलं तर नट सैल करून ते परत येत नाही, स्लीव्हच नवी घालावी लागते. एक जादा स्लीव्ह हाताशी ठेवाच.

क्राउनचे बोल्ट नवे, थ्रेडलॉकर लावून, समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क रेंचने कसा.

ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच, हायपॉइड दातांसाठी जीएल-5. ब्रीदरची, म्हणजे एक्सलमधली हवा आत-बाहेर जाऊ देणारी, नळी उघडी आहे ना, बघा, आणि जमेल तेवढी उंच न्या. तापलेला एक्सल थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर बुजलेला असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ऑइल दुधाळ दिसलं की तेच झालंय.

सुरुवातीला 25-30 किलोमीटर सौम्य चालवा, मग अर्धा तास पूर्ण थंड होऊ द्या. असं काही वेळा करा. ट्रेलर ओढणं, सुसाट पळवणं सध्या बंद. रेस देताना किंवा सोडल्यावर गुरगुर ऐकू आली तर पुढे न्यायची नाही, पुन्हा उघडायचं. साधारण 800 किलोमीटरनंतर ऑइल बदला आणि ड्रेन प्लगच्या चुंबकावरचा गाळ बोटांत चोळून बघा. राखाडी मऊ पेस्ट असेल तर गिअर जुळताहेत. बोटाला कण टोचले, तर कव्हर काढा आणि दातांवर पुन्हा पेस्ट लावा.