दुसरा हप्ता अडला तेव्हा

देवगड आणि मालवणच्या मधल्या एका गावात आमची संस्था आहे. फळप्रक्रिया आणि सुक्या मासळीचं पॅकिंग शिकवतो. शिकायला येतात त्या बहुतेक बायकाच. मी संस्थेची सचिव. केंद्राच्या एका योजनेतून अनुदान मंजूर झालं, पहिला हप्ता आला, यंत्रं बसली, पैसे ठरल्या कामालाच लागले असं सांगणारं उपयोगिता प्रमाणपत्रही सीएच्या सहीने वेळेत गेलं. तरी दुसरा हप्ता अडला. त्रुटीपत्रात हिशेबाबद्दल एक अक्षर नव्हतं. मागितलं होतं ते हे: कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीचा आदेश, समान संधी धोरण, अडथळामुक्त प्रवेशाचे फोटो आणि प्रशिक्षणार्थींची सामाजिक प्रवर्गानुसार यादी.

मला राग आला. इतक्या वर्षांत आम्ही दारातून कुणाला परत पाठवलं नव्हतं, मग हे कशाला? कार्यकारिणीच्या बैठकीतही तोच सूर होता, पैसे देतात म्हणून हुकूम सोडतात. तेव्हा आमच्यातले एक निवृत्त मास्तर म्हणाले, ‘ही अट कोकणाला नवी नाही.’ १९२३ साली सीताराम केशव बोल्यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला, की सरकारी पैशातून बांधलेल्या आणि चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाड नगरपालिकेने तळं कागदावर खुलं केलंसुद्धा. पण पाण्याला हात लावायची सोय नव्हती. म्हणून १९२६ मध्ये बोल्यांनी पुढचा ठराव आणला, जी नगरपालिका हे अमलात आणणार नाही तिचं अनुदान बंद करा. पुढच्याच वर्षी २० मार्चला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदातही सार्वजनिक पैशातून, पूर्ण किंवा काही अंशी, राखलेल्या विहिरी, तलाव, रस्ते यांचा वापर सर्वांना मोकळा ठेवलाय. मास्तरांचं बोलणं संपल्यावर हुकुमाचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

समितीचं काम मला सोपं वाटलं होतं. आमच्याकडे चौदा माणसं कामाला आहेत. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असली की अंतर्गत समिती हवीच. एक जुना आदेश फाईलमध्ये सापडला. त्यात समितीचे अध्यक्ष म्हणून आमच्या अध्यक्षांचंच नाव होतं! प्रमुख वरिष्ठ पदावरची बाईच लागते, निम्म्या तरी सदस्य बायका लागतात आणि एक सदस्य बाहेरची, बायकांच्या प्रश्नांवर काम करणारी. बाहेरची म्हणून आधी एका विश्वस्तांच्या बहिणीचं नाव पुढे आलं. मी ते होऊ दिलं नाही, आणि त्यावरून थोडं वाजलंही. शेवटी कुडाळहून एक कार्यकर्त्या यायला तयार झाल्या. पहिल्याच बैठकीत स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी विचारलं, ‘तक्रार लिहून द्यायची म्हणता, मला कुठे लिहिता येतं?’ उत्तर कायद्यातच आहे. लिहिता येत नसेल तर समितीने लिहून घ्यायला मदत करायची. तीन महिन्यांच्या आत तक्रार, नव्वद दिवसांत चौकशी पूर्ण, हे सगळं मोठ्या अक्षरांत लिहून स्वयंपाकघराच्या दाराशी लावलं. ऑफिसात लावलं असतं तर मावशींच्या नजरेस कधी पडलं असतं?

समान संधी धोरणात मात्र माझीच चूक झाली. घाईत इंटरनेटवरून एक नमुना उतरवून घेतला, अकरा पानांचा. त्यात लिफ्ट होती, वसतिगृह होतं. आमच्याकडे दोन्ही नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा वाचायला घेतला तेव्हा कळलं, की सरकारी आस्थापनेच्या व्याख्येत सरकारचं साहाय्य घेणाऱ्या संस्थाही धरल्या आहेत. तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो, धोरण दर्शनी जागी लावायचं असतं. ती अकरा पानं बाजूला ठेवली आणि आम्ही खरोखर काय देऊ शकतो ते दोन पानांत लिहिलं.

त्यातलं पहिलंच वाक्य होतं, दारापर्यंत चाकाची खुर्ची येईल. ती येत नव्हती. आमची इमारत जांभ्याची, कौलारू, आणि पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून जोतं अडीच फूट उंच. गवंडी म्हणाला, ‘धा फूट पुरे. हातगाडी चढता, मग खुर्ची कित्याक नाय?’ उताराचं प्रमाण एकास बारा ठेवायचं असतं. म्हणजे अडीच फुटांना तीस फूट, आणि आमचं अंगण जेमतेम एकोणीस फुटांचं. आम्ही अंगणात खडूने रेघा मारल्या. पंधरा फुटांचा एक उतार, मग सपाट वळण, मग पुन्हा पंधरा फूट. रुंदी चार फूट. खाऱ्या वाऱ्यात साधं लोखंड टिकत नाही म्हणून कठडे स्टेनलेस स्टीलचे घेतले. सिमेंट गुळगुळीत न करता खरबरीत ठेवलं. एवढं करूनही जुलैत त्यावर शेवाळ धरलंच, म्हणून पावसाळ्यात दर शनिवारी रॅम्प घासायचं काम वहीत लिहून एकाच्या नावावर टाकलंय. फोटो पाठवायला हे लागत नव्हतं. पण शेवाळलेल्या उतारावर कुबडी टेकवणारा माणूस पडेल, तर तो रॅम्प काय कामाचा?

यादी शेवटी राहिली होती. तीन वर्षांची नावं वाडीप्रमाणे मांडली आणि मी गप्पच झाले. गावात सात वाड्या आणि एक मोहल्ला. बौद्धवाडीतून एकच बाई आली होती, तीही पहिल्या आठवड्यात सोडून गेलेली. मोहल्ल्यातून एकही नाही. आम्ही कुणालाच नाकारलं नव्हतं, हे खरं होतं.

मी बौद्धवाडीत गेले. एका काकींनी बसायला दिलं, चहा दिला आणि म्हणाल्या, ‘आमका कोणी सांगूकच नाय. तुमची नोटीस देवळात. आमी थय कित्याक जातलव?’ सोडून गेलेली बाई घरीच होती. ती आधी बोलेना. मग म्हणाली, डबा खाताना बाकीच्या जरा सरकून बसायच्या. मी रोज त्या खोलीवरून जात होते. मला दिसलं नव्हतं. मोहल्ल्यातल्या बायकांची अडचण निराळी होती. वर्ग शुक्रवारी दुपारी, घरचे नमाजाहून जेवायला येतात नेमके त्याच वेळी.

नोटीस आता देवळाबरोबर रेशन दुकानात, जेटीवर, बुद्धविहाराबाहेर, मशिदीच्या फाटकाशी आणि एसटी थांब्यावर लागते. शुक्रवारचा वर्ग सकाळी घेतो. जेवायला एकच लांब सतरंजी असते आणि पहिल्या दिवसापासून मी तिथेच बसून जेवते. सोडून गेलेली ती बाई नव्या तुकडीत परत आली. तिला बोलवायला मी तीनदा गेले होते.

दुसरा हप्ता मार्च संपता संपता जमा झाला. मागच्या महिन्यात शेजारच्या तालुक्यातल्या एका संस्थेचा फोन आला, त्यांनाही तसंच त्रुटीपत्र आलंय, आमचं धोरण उतरवून घ्यायला मिळेल का? दोन पानं पाठवली, आणि सांगितलं की उतरवू नका. आधी जोतं मोजा, आणि नोटीस कुठे कुठे लावता त्या जागा लिहून काढा. रविवारी त्या मंडळींना इथे बोलावलंय. काकीही येणार आहेत.